सत्तावीस संशोधक, एकच प्रश्नावली

शास्त्रज्ञांच्या मुलाखती आपल्याकडे पुष्कळ छापल्या जातात. त्यांपैकी बहुतेकींचा साचा ठरलेला असतो. बालपण, आईवडिलांचे संस्कार, एखादे आवडते शिक्षक, परदेशगमन, पुरस्कार आणि शेवटी विद्यार्थ्यांना संदेश. ज्या प्रश्नाशी त्या व्यक्तीने वीस-पंचवीस वर्षे झुंज घेतली तो प्रश्न एखाद्या परिच्छेदात उरकलेला असतो. अशी मुलाखत वाचून त्या व्यक्तीविषयी आदर जरूर वाटतो; परंतु संशोधक एखादी गोष्ट खरी केव्हा मानू लागतो, आणि का, हे काही समजत नाही. शिक्षकांच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे तेच आहे. म्हणून १९९० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या ‘ओरिजिन्स’ या पुस्तकाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पुस्तक जुने आहे, पण ते जुने झाल्यामुळेच आज अधिक वाचनीय ठरले आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

अ‍ॅलन लाइटमन आणि रॉबर्टा ब्रॉअर यांनी या पुस्तकात विश्वरचनाशास्त्रात काम करणाऱ्या सत्तावीस संशोधकांशी झालेली संभाषणे दिली आहेत. फ्रेड हॉईल, अ‍ॅलन सँडेज, व्हेरा रुबिन, जिम पीबल्स, रॉजर पेनरोज, स्टीफन हॉकिंग, स्टीव्हन वाइनबर्ग, अ‍ॅलन गूथ, आंद्रेई लिंडे अशी नावे यादीत आहेत. लाइटमन स्वतः भौतिकशास्त्रज्ञ असल्याने उत्तर गुळमुळीत आले की ते पुन्हा विचारतात. पुस्तकाची खरी युक्ती मात्र साधी आहे : जवळजवळ तेच प्रश्न प्रत्येकाला विचारायचे. त्यामुळे सत्तावीस उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. वर्गात एकच प्रयोग सत्तावीस विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यावर जे हाती लागते, तसेच काहीसे येथे होते.

यांतील एका प्रश्नावर थोडे थांबले पाहिजे. विश्वाच्या प्रसरणाला गुरुत्वाकर्षणाचा लगाम असतो. विश्वातील सरासरी घनता एका ठरावीक मूल्याहून जास्त असेल तर (इतर काही कारण नसल्यास) प्रसरण कधीतरी थांबेल. कमी असेल तर ते चालूच राहील. प्रत्यक्ष घनता आणि हे ठरावीक मूल्य यांच्या गुणोत्तराला ओमेगा म्हणतात. आता गंमत अशी, की ओमेगा आरंभी एकाहून किंचितही वेगळा असता, तर तो फरक काळाबरोबर प्रचंड वाढला असता. आज तो एकाच्या आसपास आहे याचा अर्थ, विश्वाचे वय एक सेकंद असताना तो सुमारे पंधरा दशांश स्थळांपर्यंत एकच असला पाहिजे. इतका नेमका जुळवलेला आकडा आला कोठून? रॉबर्ट डिकी आणि पीबल्स यांनी १९७९ साली हा प्रश्न ठळकपणे मांडला. गूथ यांनी १९८१ साली त्याला उत्तर सुचवले : अगदी आरंभीच्या अत्यल्प काळात विश्व अचाट वेगाने फुगले आणि त्या फुगण्यानेच ओमेगा एकाजवळ आणून ठेवला. यालाच ‘इन्फ्लेशन’चे प्रारूप म्हणतात.

लाइटमन विचारतात, हा प्रश्न तुम्ही प्रथम कधी ऐकला, आणि तेव्हा तो तुम्हाला प्रश्न वाटला का? उत्तरे वाचू लागलो की नमुना दिसू लागतो. अनेकांना तो आधी फारसा गंभीर वाटलेला नव्हता. आरंभीची स्थिती तशी होती, एवढ्यावर ते समाधानी होते. गूथ यांचे उत्तर आल्यावर मात्र तीच गोष्ट एकाएकी कोडे ठरली! लाइटमन यांनी पुढे ओवेन गिंगरिच यांच्यासह १९९२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात हा मुद्दा लेखरूपाने मांडला. काही विसंगती अशा असतात की त्यांचा उलगडा हाती आल्यानंतरच त्या विसंगती म्हणून ओळखल्या जातात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत क्रम नेमका उलटा असतो : आधी कोडे, मग प्रतिभावंत, मग उत्तर. आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात हे नकाशावर कितीतरी लोकांनी पाहिले होते. पण खंड सरकतात ही कल्पना पुढे येईपर्यंत बहुतेकांना तो योगायोग वाटला. भूगोलाच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर वापरावे.

आता पुस्तकाच्या जुनेपणाविषयी. ही संभाषणे १९८०च्या दशकाच्या अखेरीची आहेत. त्या वेळी निरीक्षकांना आकाशात सापडणारे द्रव्य, न दिसणारे कृष्णद्रव्य धरूनही, ओमेगा ०.१ ते ०.३ च्या आसपास नेत होते. अनेक सैद्धांतिकांना मात्र तो नेमका एक असावा अशी ओढ होती, कारण त्यात एक सौंदर्य होते. दोन्ही बाजूंची माणसे या पुस्तकात आपापला कल उघड बोलून दाखवतात. शोधनिबंधात असे कोणी लिहीत नाही. पुढे १९९८ साली दोन स्वतंत्र गटांना अतिदूरच्या अधिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले. आजच्या मोजमापांनुसार द्रव्याचा वाटा सुमारे तीन-दशांश आहे, उरलेला कृष्ण-ऊर्जेचा, आणि बेरीज एकाच्या अगदी जवळ. म्हणजे निरीक्षक द्रव्याबद्दल बरोबर आणि सैद्धांतिक बेरजेबद्दल बरोबर! यावरून इन्फ्लेशन सिद्ध झाले असे मात्र समजू नये. पेनरोज आजही त्याचे टीकाकार आहेत.

हबल स्थिरांकाचेही तसेच. सँडेज यांचे मूल्य ५० च्या आसपास, तर जेरार द व्होकुलर यांचे १०० च्या आसपास (एकक : दर मेगापार्सेकला किलोमीटर प्रतिसेकंद). दोघेही नामांकित निरीक्षक, दोघेही पुस्तकात हजर आणि दोघेही ठाम. आजची मूल्ये या दोहोंच्या मधे, ६७ आणि ७३ च्या आसपास आहेत. पण ती दोन निरनिराळ्या पद्धतींनी आलेली असून त्यांचाही आपसांत मेळ बसलेला नाही.

एवढे गुण सांगितल्यावर उणिवांकडे वळू. एकच प्रश्नावली ही या पुस्तकाची ताकद तशीच मर्यादाही. विज्ञानाचा समाजाशी असलेला संबंध तिच्यात बालपण, आईवडील आणि लहानपणी वाचलेली पुस्तके एवढ्यापुरताच येतो. दुर्बिणीवरचा वेळ कोणाला मिळतो, पैसा कोठून येतो, कामाची वाटणी कशी होते, हे प्रश्न प्रत्येकाला विचारलेले नाहीत. सत्तावीसांत स्त्रिया तीनच : रुबिन, सँड्रा फेबर आणि मार्गारेट गेलर. प्रिन्स्टन विद्यापीठाने खगोलशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला १९७५ पर्यंत स्त्रियांना प्रवेश दिला नव्हता. पालोमार वेधशाळेत रीतसर निरीक्षण करण्याची परवानगी रुबिन यांना १९६५ साली मिळाली. लोकांना रस वाटेल, पण आपले काम पुरे होईपर्यंत कोणी पाठीस लागणार नाही, असा प्रश्न आपण मुद्दाम निवडला, असे रुबिन यांनी सांगितले आहे. तो प्रश्न होता दीर्घिकांच्या परिवलनाचा, आणि त्यातूनच कृष्णद्रव्याचा सबळ पुरावा उभा राहिला. कोणता प्रश्न निवडला जातो यात समाजाचा हात किती खोलवर असतो, हे एवढ्यावरून दिसते. हाच धागा लाइटमन यांनी पुरुषांच्या बाबतीतही ओढायला हवा होता.

मुलाखती कोणाच्या नाहीत, तेही पाहावे. रुबिन यांच्या निरीक्षणांसाठी वर्णपटलेखक बनवणारे केंट फोर्ड यादीत नाहीत. दीर्घिका जणू फेसातील बुडबुड्यांच्या पृष्ठभागांवर विखुरल्या आहेत असे दाखवणाऱ्या १९८६ च्या शोधनिबंधाविषयी प्रश्न विचारले जातात. गेलर आणि जॉन हुक्रा यांच्या मुलाखतीही आहेत. परंतु त्या निबंधावर पहिले नाव असलेली व्हॅलेरी द लापाराँ ही तेव्हाची विद्यार्थिनी नाही. भारतीय तर एकही नाही. हॉईल आहेत, पण त्यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारे जयंत नारळीकर नाहीत. सिंग्युलॅरिटीविषयीच्या पेनरोज-हॉकिंग प्रमेयांमागे ज्यांचे १९५५ सालचे समीकरण आहे ते कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरीही नाहीत. सर्वांच्या विरुद्ध मत मांडणाऱ्या हॉईल यांना जागा दिली याबद्दल संपादकांचे कौतुकच केले पाहिजे. पण तो विरोधी सूर पुण्याहूनही उमटत होता, हे इंग्रजी वाचकाला या पुस्तकातून कळत नाही.

विश्व जितके समजत जाते तितके ते निरर्थक भासते, या आशयाचे वाइनबर्ग यांचे १९७७ सालचे विधान लाइटमन इतरांपुढे ठेवतात. या प्रश्नाची उत्तरे चटकदार आहेत. विश्वाला हेतू असावाच का, असा गेलर यांचा उलट सवाल तर छानच. तरी आम्हाला हा भाग पुस्तकातील सर्वांत कमी उपयोगाचा वाटला. येथे ही मंडळी तुमच्या-आमच्याइतकीच जाणकार असतात.

अठ्ठावीस फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, अनेक शाळांत एखाद्या संशोधकाला बोलावतात. पाहुणे कृषी संशोधन केंद्रातले असोत की विद्यापीठातले, लाइटमन यांचे दोन-तीन प्रश्न मुलांच्या हाती देऊन पाहावेत. पुरावा पुरेसा नसतानाही तुम्हाला खरी वाटणारी गोष्ट कोणती? काय दिसले तर ती सोडून द्याल? आणि त्यांना आमची एक पुरवणी : तुमच्या निबंधावर ज्यांचे नाव नाही, पण ज्यांच्यावाचून काम झाले नसते, असे कोण?

पुस्तकातील इंग्रजी बोलीतले आणि सोपे आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी आरंभ रुबिन यांच्यापासून करावा, मग गूथ, मग हॉईल. सँडेज आणि द व्होकुलर एकाच बैठकीत वाचावेत. डॉन पेज आणि चार्ल्स मिस्नर नंतरसाठी ठेवले तरी चालेल. त्यांच्या संभाषणांना पदवीपर्यंतचे भौतिकशास्त्र पाठीशी असलेले बरे.