‘स्मृतिचित्रे’तील प्रेमाचा खर्च

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले, याचे कारण असे की, आपल्या समाजात हे पुस्तक पुष्कळ वाचले जाते, परंतु श्रद्धेचे पुस्तक म्हणून ते क्वचितच वाचले जाते. विनोदासाठी वाचले जाते, जुन्या नाशिक-नगरच्या चित्रांसाठी वाचले जाते. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, तेव्हा सुहास जोशींच्या लक्ष्मीबाई पाहून ज्यांनी मूळ पुस्तक हाती घेतले, असेही बरेच असतील. या सर्वांचा आनंद खराच आहे. मात्र भक्ती आणि परप्रेम या विषयावर आपल्याकडे जे उपदेशपर वाङ्मय निघते, त्यातील बहुतेकांहून अधिक काही हे पुस्तक सांगते, आणि ते सांगताना आवाज मुळीच चढवत नाही, असे आमचे मत आहे.

रेव्हरंड टिळकांचा उल्लेख आपल्या प्रवचनांतून येतो तो बहुधा एकाच प्रसंगाने. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रसंग सांगण्याजोगा आहे, यात शंका नाही. परंतु त्या गाडीत लक्ष्मीबाई नव्हत्या. त्यांच्या वाट्याला आली ती त्या प्रवासानंतरची सुमारे पाच वर्षांची ताटातूट. नवरा जिवंत असून नाही, लहानगा दत्तू पदरात, आणि आसरा नातेवाइकांच्या घरी. टिळकांची श्रद्धा ही त्यांच्यावर प्रथम कोसळली ती आपत्ती म्हणून. ख्रिस्ती वाचकाला हे वाचणे सुखाचे नाही. लेखिकेने ते सौम्य केलेले नाही, आणि म्हणूनच पुढे तिने दिलेल्या साक्षीवर आपला विश्वास बसतो.

पुस्तकाच्या आरंभीच नानांचे, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे, सोवळे येते. सत्तावन्नच्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्याने या गृहस्थांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून घरात येणारी वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय त्यांना चालत नसे, आणि त्या धुण्यापायी घरातल्या बायकामुलांचे जे हाल झाले, त्यांचे वर्णन वाचताना आपण हसतो. हसता हसता एक गोष्ट मात्र नजरेआड होते. नाना दुष्ट नव्हते. ते देवभीरू होते. त्यांच्या देवभीरुपणाचे पाणी मात्र इतरांनी वाहायचे होते. या प्रकरणाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणाऱ्या टीकाकारांशी आमचा मतभेद आहे. पुढे साऱ्या पुस्तकात जो प्रश्न घोळत राहतो, त्याचे बीज आम्हांस येथेच दिसते: एकाच्या भक्तीचा खर्च कोणी सोसायचा?

ताटातूट संपवून लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या, तरी आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. त्यांच्या स्वभावातल्या उतावळेपणाकडे पाहता हा संयम थोर म्हटला पाहिजे. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंचा स्वतःशीच वाद सुरू झाला. पशुपक्ष्यांत देवाने निरनिराळ्या जाती केल्या, त्या डोळ्यांना दिसतात. माणसांत तसा भेद कोठे दिसतो? जन्म तसाच, मरण तसेच. तेव्हा ही जात माणसाची करणी, देवाची नव्हे. एवढा निर्णय झाल्यावर कोणाच्याही हातचे खायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आधी ताट बदलले, मग धर्म. आपल्या घरांत पुष्कळदा क्रम उलटा पडतो. शतकानुशतकांचा बाप्तिस्मा अंगावर आहे, रविवारची मिस्सा चुकत नाही, ऑक्टोबरात घरोघरी जपमाळ होते. तरी सोयरीक जमवताना जातीची चौकशी थांबली आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय? नानांच्या सोवळ्याला हसण्याचा अधिकार आपल्याला पुरता मिळालेला नाही.

टिळकांचे घर म्हणजे उघडी धर्मशाळा. पाहुणे, अनाथ मुले, वाटेत भेटलेला कोणीही. ज्याला आधार नाही, त्याला टिळक घरी आणणार. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, आणि तो टिकत नसल्याची खंतही त्यांना नसे. अशा माणसाचे चरित्र दुसऱ्या कोणी लिहिले असते, तर ते दानशूराचे स्तोत्र झाले असते. लक्ष्मीबाईंनी लिहिल्यामुळे त्याच घटनांना दुसरी बाजू आली. दारी आलेल्याला टिळक ‘या’ म्हणत, आणि डब्यात तांदूळ किती आहेत, हे लक्ष्मीबाईंना ठाऊक असे. त्या रागावतात, टोमणे मारतात, भांडतात. आणि मग पाने मांडतात. या तिन्ही क्रियापदांनंतरचे ते चौथे वाचकाने सोडू नये. आपण दयाळू होतो, असे त्या कोठेही म्हणत नाहीत. अमुक माणसे जेवायला होती, एवढेच सांगून त्या पुढे जातात.

येथे लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आठवतो. दयाळू शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, तेव्हा खर्च तो स्वतः देतो, आणि अधिक लागल्यास परतताना देईन, असे उतारशाळेच्या मालकाला सांगून जातो. या तपशिलाकडे आपले उपदेशक फारसे थांबत नाहीत. आणि ही कथा संपते न संपते तोच मार्थेचे घर येते, जेथे पाहुण्यांच्या सरबराईत एकटी पडलेली ती बहीण कुरकुर करते. मार्थेला प्रभूने दिलेली समज आपण शतकानुशतके ऐकत आलो. परंतु शोमरोन्याच्या लगोलग मार्था का यावी? जो प्रेम करायला निघतो त्याने आपल्याच पिशवीत हात घालावा, आणि दुसऱ्याच्या श्रमावर उभ्या असलेल्या आदरातिथ्यात त्या श्रमकर्त्याच्या मनाकडेही पाहावे, असा या शेजाराचा अर्थ आम्ही घेतो. हा अर्थ आम्हांस टीकाग्रंथांतून नव्हे, तर ‘स्मृतिचित्रे’च्या वाचनातून सुचला.

टिळकांवर हा आरोप नव्हे. त्यांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही, ही गोष्ट पुस्तकाच्या पानोपानी दिसते. लक्ष्मीबाईंना त्यांनीच लिहावाचायला शिकवले. त्यांच्याविरुद्धची ही प्रेमळ फिर्यादसुद्धा त्यांनी दिलेल्या अक्षरांनीच नोंदवली गेली. आणि लक्ष्मीबाई केवळ ओढल्या गेल्या असेही नाही. नगरला प्लेग आला, तेव्हा आजाऱ्यांच्या शुश्रूषेस त्या स्वतः गेल्या. ज्या घरात बाजारचे धान्यही धुतल्यावाचून येत नव्हते, तेथली मुलगी प्लेगच्या रोग्याला हात लावते, हे अंतर त्यांनी कोठे मोजून दाखवलेले नाही. एखाद्या वाईट लेखकाने येथे दोन पाने खर्चिली असती.

पुस्तकात उणिवा आहेत. ज्या मुलांना टिळकांच्या घराने आसरा दिला, त्यांचे मन क्वचितच उघडे होते. ती येतात, खोड्या करतात, निघून जातात. प्रार्थनेबद्दलही लेखिका फार कमी बोलते. टिळक-कुटुंब अमेरिकन मिशनच्या परंपरेतले. पवित्र मिस्सा, संतांची मध्यस्थी, यांपैकी काही येथे शोधू नये. कॅथलिक वाचकाला म्हणूनच कोठे कोठे परके वाटेल. परंतु आपल्यापासून विभक्त असलेल्या बांधवांजवळची ख्रिस्ती संपत्ती आनंदाने ओळखावी, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच सांगितले आहे. मराठीत त्या संपत्तीचे याहून सरस पुस्तक आमच्या पाहण्यात नाही.

आमची खरी तक्रार आपल्याच लेखनाबद्दल आहे. धर्मग्रामाच्या स्मरणिका, सुवर्णमहोत्सवी अंक, दिवंगतांवरील लेख आम्ही नेमाने वाचतो. गोरगरिबांसाठी झटलेल्या, व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या सद्गृहस्थांविषयी त्यांत मनापासून लिहिलेले असते. त्यांच्या घरी रात्री-अपरात्री चहा कोणी केला, महिनाअखेर कोणी निभावली, हे मात्र शेवटच्या परिच्छेदात ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ एवढ्यावर उरकते. असे लेख लिहिणाऱ्यांनी लेखणी उचलण्यापूर्वी त्या पत्नीजवळ तासभर बसावे, अशी आमची सूचना आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाले. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई वारल्या. शेवटचा भाग त्यांच्यामागून आला. तोवर टिळकांचे आणखी एक काम त्यांनी अंगावर घेतलेले होते. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळकांनी सुरू केले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते अपुरे ठेवून १९१९ साली ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.