एक देव, तीन नमने

आमच्या लातूर-नांदेडकडे पोथी लागली की आधी गणपती, मग शारदा, मग गुरू. हे कानात बसलेल्याने फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चे मंगलाचरण जरूर वाचावे. ओवी तीच, चाल तीच; नमन मात्र पित्याला, मग पुत्राला, मग पवित्र आत्म्याला. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाचा हा मराठी ग्रंथ १६१६ मध्ये साष्टीतल्या राचोलला छापला गेला, तोही रोमन लिपीत.

कवीपुढची अडचण साधी नव्हती. ओळीने तीन नमने केली की ऐकणारा तीन देव मोजणार. माहूरगडाची वारी करणाऱ्याला तर त्यात वावगे काहीच वाटणार नाही. अनसूयेच्या घरी ब्रह्मा, विष्णू, महेश बाळे झाले आणि दत्तात एकवटले. पण तिथे तिघे आधीपासून वेगळे, ज्याचा त्याचा लोक, ज्याचे त्याचे वाहन. एकपण मागाहून आले. स्टीफन्सच्या धर्मात देव मुळातच एक, आणि पिता, पुत्र, आत्मा त्या एकपणातलेच. हे सांभाळताना ख्रिस्ती मंडळीत सुरुवातीच्या शतकांत केवढी रणे माजली! सॅबेलियसच्या मते ही एकाच देवाची तीन सोंगे. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणे, पुत्र कितीही थोर असला तरी तो घडवलेला. तो नव्हता असाही काळ होता. ३२५ साली निकियाच्या परिषदेने पिता-पुत्र एकाच तत्त्वाचे ठरवले. आत्म्याचा प्रश्न मात्र ३८१ पर्यंत लोंबकळला.

स्टीफन्स मंगलाचरणात यातले काहीच उकरत नाही. पुत्राचे नमन यायच्या आधीच, पित्याला आळवताना, देव एकच असे तो सांगून टाकतो. विशेषणे आपल्या संतांच्या घरची: अव्यक्त, निर्विकार, आदि-अंत नसलेला. मग सृष्टीची ओवी येते. चंद्र, सूर्य, नक्षत्रे देवाने सहज, एका पवित्र शब्दाने रचली. घाईत वाचले तर ही नुसती शोभा वाटते. पण योहानाच्या शुभवर्तमानात सर्व काही ज्याच्याकरवी झाले तो शब्द म्हणजेच पुत्र. म्हणजे ज्याला पुढे नमन करायचे, तो पहिल्याच नमनात येऊन बसला आहे. ज्याच्याकरवी सगळे घडले तो स्वतः घडवलेला कसा असेल? एरियसला दिलेला जबाब इथे वादाचा सूर न लावता एका चरणात मुरला आहे. मला या मंगलाचरणातली ही सर्वांत देखणी जागा वाटते.

(ओवीचे तीन यमकाचे चरण आणि चौथा आखूड, सुटा; त्यातही त्रैक्य शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्ञानेश्वरीची घडणही हीच आहे.)

नमन ही हाक असते, तिच्यात तीन आणि एकाचा हिशेब कोणी मागत नाही. पुढे पुराणात शंका काढणारे श्रोते भेटतात, पाद्रीला समजावत बसावे लागते, आणि तिथे ओवीची चाल जड होते.