साचा, माती, बुरशी

‘साचेबद्ध’ हा आपल्या समीक्षेतला सर्वांत स्वस्त शेरा आहे. कथा, सिनेमा, वेबसिरीज, काहीही आवडलं नाही की तो चिकटवता येतो. साच्यातून निघालं म्हणजे निर्जीव, हे त्यामागचं गृहीतक. ते तपासायला एक इंग्रजी शब्द कामाला येतो: मोल्ड.

या शब्दात तीन कुळं एकत्र नांदतात. साचा या अर्थाचा मोल्ड लॅटिन ‘मॉड्युलस’पासून, म्हणजे मापापासून, फ्रेंचमार्गे आला, ‘मॉडेल’ त्याचंच भावंड. भुसभुशीत माती या अर्थाचा मोल्ड जुन्या इंग्रजीतला. पावावर चढणारी बुरशी हा तिसरा. त्याचे नातलग स्कँडिनेव्हियन भाषांत सापडतात.

आता ‘हॅम्लेट’ बघा. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणलेलं हेच नाटक. तिसऱ्या अंकात हॅम्लेटचं मन ढळलेलं पाहून ओफेलिया हळहळते. कालपर्यंत सगळ्यांनी ज्याच्यावरून स्वतःला बेतावं असा हा माणूस, हे सांगताना तिच्या तोंडी मोल्ड हाच शब्द येतो. तिथे अर्थ एकच: नमुना. पण उरलेले दोन अर्थ नाटक स्वतःच पुरवतं. पहिल्या अंकात राज्यात काहीतरी कुजल्याची वाच्यता झालेली असते. पाचव्या अंकात कबरस्तानात हॅम्लेट म्हणतो की सिकंदराचीही माती झाली, आणि ती आता बिअरच्या पिंपाचं भोक बुजवायला चालेल. हा श्लेष शेक्सपिअरने योजला असा माझा दावा नाही. मात्र ‘आदर्श’ असं भाषांतर केलं की नमुन्यापासून मातीपर्यंतची ही वाट त्या शब्दात दिसेनाशी होते.

गंमत म्हणजे ‘हॅम्लेट’ स्वतः पक्कं साचेबद्ध आहे. भूत, सूड, वेड, नाटकात नाटक, शेवटी प्रेतांची रास: हा सगळा ऐवज थॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’त आधीच होता. शेक्सपिअरने साचा मोडला नाही. त्यात सूड घेण्याआधी विचार करत बसणारा माणूस ओतला.

मराठीत हे नवं नाही. ओवीचा साचा ज्ञानेश्वरांनी वापरला, आणि जात्यावर बसलेल्या बायकांनीही. पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातून शंभर गणपती निघतात, पण डोळ्यांची आखणी प्रत्येकाची हातानेच होते.

‘साचा’च्या शेजारी ‘साचणं’ हा शब्द आहे, आणि खरा दोष तिथे आहे. बुरशी धरते ती वापरात नसलेल्या, बंद ओलीला. तेव्हा एखाद्या कथेला साचेबद्ध म्हणायचं असेल, तर समीक्षकाने पुढचं वाक्यही लिहावं: ती नेमकी कुठे साचली? ते सांगता येत नसेल, तर साचेबद्ध कथा नाही, शेरा आहे.