संस्कार आणि त्याची सीमा : ‘श्यामची आई’तील एका प्रसंगाचा विचार

‘श्यामची आई’ या पुस्तकाच्या वाट्याला मराठी वाचकांचा जिव्हाळा जेवढा आला, तेवढी चिकित्सा आलेली नाही. साने गुरुजींनी या पुस्तकाचा बराचसा भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला व १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. पुढे आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले आणि मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून या कृतीची प्रतिमा लोकमानसात कायम झाली. स्तोत्र म्हटले की पूजा आली, आणि पूजा आली की प्रश्न संपले. ही आई मुलाला काय शिकविते, कोणत्या रीतीने शिकविते आणि तिची शिकवण कोठे येऊन थांबते, हे तीन प्रश्न त्यामुळे बहुधा विचारलेच जात नाहीत. त्यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. परंतु त्याच्याकडे पहिल्या दोहोंच्या वाटेनेच जावे लागते.

प्रथम रीतीचा विचार करू. हे पुस्तक बोधप्रधान आहे, हा त्यावरील नेहमीचा आक्षेप होय. तो अंशतः खराही आहे. मात्र त्यातील बोध नेमका कोणाच्या मुखी आहे, हे पाहिले पाहिजे. बेचाळीस रात्रींच्या या कथनात दोन आवाज आहेत. एक आवाज आईचा. दुसरा आवाज आश्रमातील मित्रांना प्रार्थनेनंतर आपल्या बालपणाच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रौढ श्यामचा. विस्तार, उपमा, उद्गार आणि सिद्धान्त ही बहुतांशी या दुसऱ्या आवाजाची मिळकत आहे. आई त्या मानाने थोडे बोलते, आणि जे बोलते ते हातातले काम न सोडता बोलते. ‘थोर अश्रू’मध्ये न्हाऊन उभा असलेला श्याम ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून आईला पदर पसरावयास लावतो. आई पदर पसरते, आणि मगच पायांइतकेच मनालाही जपण्याचे सुचविते. येथे बोध हट्ट पुरविल्यानंतर येतो, हट्टाऐवजी येत नाही. उलट पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या मुलाला हीच आई शिमटीने झोडपून काढते. ‘अळणी भाजी’त तर चूक आईचीच आहे. भाजीत मीठ नसल्याचे ताटावर कोणी दाखवीत नाही, ती स्वतः जेवावयास बसते तेव्हाच तिला ते कळते. त्या दिवशी धडा घेणारी ती आहे, देणारे वडील आहेत, आणि श्याम पाहणारा आहे.

या प्रसंगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. या घरात शिकवण ही उपदेशाची स्वतंत्र वेळ नसून न्हाणे, वाढणे, पाणी भरणे, फुले वेचणे या कामांतच ती मिसळलेली आहे. पुढे घर कर्जात बुडू लागते तसतशी तिची जातही बदलते. सावकाराच्या माणसापुढे आईची अप्रतिष्ठा होताना मुलगा पाहतो, आणि ज्या आईने स्वाभिमान शिकविला तिलाच परिस्थिती तो राखू देत नाही, हे त्याच्या ध्यानी येते. तिने जगून दाखविले तेवढेच त्याला मिळाले. जे तिला जगता आले नाही, ते त्याने पुढे आपल्या हिशेबी धरले. पुस्तकाचे खरे रहस्य या दुसऱ्या भागात आहे.

त्या दृष्टीने ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र कळीची ठरते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार जातीतील एक म्हातारी लाकडांची मोळी घेऊन जात असता थकून खाली बसते. मोळी पुन्हा डोक्यावर चढविण्याचे त्राण तिच्यात नाही, आणि वाटेवरचे कोणी तिला हात लावणार नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यावयास पाठविते. लोक काय म्हणतील, ही मुलाची भीती ती दूर सारते. परंतु त्याच दमात, घरी येऊन स्नान करावयासही सांगते.

भाविक वाचन या प्रसंगातील मोळी लक्षात ठेवते व स्नान विसरते. कठोर वाचन स्नानच लक्षात ठेवते व मोळी नाकारते. दोन्ही वाचने अर्धी आहेत. आईच्या मनात करुणा आणि विटाळ ही दोन्ही एकाच वेळी वावरत आहेत. विटाळ मोडण्याचे बळ तिच्या करुणेत नाही, आणि करुणा अडविण्याचे बळ त्या विटाळात नाही. स्नान ही तिने समाजाशी केलेली तडजोड आहे. कोकणातील एका गावच्या कर्जबाजारी ब्राह्मण घरातील सुनेला त्या काळी याहून पुढे जाणे कितपत शक्य होते, हा प्रश्न इतिहासाचा आहे. साहित्याचा प्रश्न निराळा आहे : आईला देवता मानणाऱ्या लेखकाने हे स्नान गाळले का नाही? तुरुंगात बसून गांधीयुगाच्या ऐन भरात लिहिणाऱ्या लेखकाला ते गाळणे सोपे होते. आईची मूर्ती त्यामुळे अधिकच उजळली असती. त्याने ते ठेवले. रात्रीचे शीर्षक सर्वांच्या समतेचे आहे, आणि प्रसंग मात्र त्या समतेपर्यंत पूर्ण न पोहोचणाऱ्या स्त्रीचा आहे. शीर्षक मुलाचे, कृती आईची. दोहोंमधील अंतर लेखकाने झाकलेले नाही. या एका प्रामाणिकपणामुळे हे पुस्तक स्तोत्र होता होता वाचते.

हे अंतर गुरुजींच्या आयुष्यात पुढे कसे मिटले, हे सर्वविदित आहे. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. चरित्रातील घटना ही साहित्यकृतीचा पुरावा नव्हे, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की, आईने दिलेला धडा मुलाने जशाचा तसा पाळला असता, तर तो मोळी उचलून स्नानालाच गेला असता. त्याने धडा पाळला तो पुढे नेऊन. त्यासाठी आईच्या आज्ञेतील अर्धा भाग त्याला सोडावा लागला.

तथापि एवढ्यावर विवेचन संपविणे योग्य होणार नाही. या प्रसंगात तिसरी व्यक्तीही आहे. नागपूरलगतच्या हिंगणा येथील, संत्र्या-कापसाच्या मुलखात वाढलेल्या आणि आईला ‘माय’ म्हणणाऱ्या वाचकाला कोकणातील ते घर तसेही दूरचे. मोळीवाली म्हातारी मात्र त्याला दूरची वाटेलच असे नाही. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्माचा मार्ग स्वीकारला, त्याच्या परिसरातील वाचक साहजिकच विचारील : या म्हातारीला मूल नव्हते काय? त्या दिवशी घरी गेल्यावर तिने त्याला काय सांगितले असेल? पुस्तकात याचे उत्तर नाही, आणि असणे शक्यही नव्हते. म्हातारी येथे श्यामच्या शिकवणीचे निमित्त आहे, स्वतः शिकविणारी नाही.

ते उत्तर मराठीत फार उशिरा, पण त्याच रत्नागिरीच्या परिसरातून आले. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनातील आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणून, पतीच्या मृत्यूनंतर मुलांना शिकविते. तिला मुलीजवळ बसून बोध करण्यास उसंत नाही. तिचे हात सतत विणीत आहेत. त्या विणण्याचे आणि आपल्या लेखनाचे नाते लेखिका नंतर ओळखते. श्यामच्या आईप्रमाणेच येथेही शिकवण कामातून उतरते, आणि तिचा अर्थ मूल मोठे झाल्यावर लावते. फरक इतकाच, की येथे शुद्ध होण्यासाठी कोणाला स्नान करावयाचे नाही. येथे मिळवावयाची आहे ती माणूस म्हणून मान्यता.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे ‘श्यामची आई’चे मोल कमी होत नाही; ते नेमके होते. आई मुलाला आपल्या काळाच्या कुंपणापर्यंत आणून सोडते. कुंपण ओलांडावयाचे की त्यालाच संस्कार मानून त्याची राखण करावयाची, हे मुलाच्या हाती उरते. विद्यार्थ्यांनी हा प्रसंग वाचताना स्नानाचे वाक्य वगळू नये, ते याच कारणासाठी. ते वगळले तर आई निर्दोष होते खरी. पण मग पंढरपुरास जाण्याचे मुलाला काही कारण उरत नाही.