पडण्याची वार्ता आणि पडण्याचे निवारण

बांधकामावरील अपघातांविषयी गेल्या काही वर्षांत जे लेखन झाले आहे, त्यात ‘सुरक्षा’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी येतो. अपघात होऊ न देणे हा एक अर्थ. झालेला अपघात त्वरित कळणे हा दुसरा. दोन्ही अर्थ आपापल्या जागी मोलाचे आहेत. परंतु एकाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरी टाकले म्हणजे विचारात घोटाळा होतो. कामगाराने अंगावर बाळगावयाच्या संवेदक-उपकरणांच्या बाबतीत असा घोटाळा होत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते तपासून पाहण्यासाठी येथे अमेरिकेतील एका कंपनीचे एकच उपकरण विचारार्थ घेतले आहे. अनेक उपकरणांची धावती नोंद करण्यापेक्षा एकाचा नीट विचार करणे अधिक फलदायी ठरेल.

कनेटिकट राज्यातील नॉरवॉक येथे उदयास आलेल्या ट्रायॅक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने आरंभी खेळाडूंसाठी उपकरण तयार केले होते. डोक्याला बांधावयाच्या पट्टीत बसविलेला तिचा संवेदक खेळताना डोक्याला बसणाऱ्या आघातांची नोंद करी. पुढे ही कंपनी बांधकामाकडे वळली आणि ‘स्पॉट-आर’ नावाची, कमरपट्ट्याला अडकवावयाची एक लहानशी क्लिप तिने बाजारात आणली. कामगार कोणत्या मजल्यावर व कोणत्या विभागात आहे, हे ही क्लिप कळवी; तो पडल्यास पर्यवेक्षकाला सूचना देई; आणि तिच्यावरील कळ दाबून कामगारालाही मदत मागता येई. त्यासाठी कंपनी बांधकामावर स्वतःचे बिनतारी जाळे उभारी.

हा पूर्वेतिहास महत्त्वाचा आहे. मैदान सपाट असते व सर्व खेळाडूंना सारखेच असते. म्हणून तेथे मापन शरीराचे करावे हे स्वाभाविक आहे. बांधकामावर मात्र मैदानच रोज बदलते. काल जेथे पक्की वाट होती तेथे आज उघडे भगदाड असते. सकाळी असलेला कठडा माल वर चढविण्यासाठी दुपारी काढलेला असतो. येथे अपघाताचे कारण शरीरापेक्षा जागेत अधिक वेळा सापडते. शरीराकडे पाहण्याची दृष्टी मात्र खेळाच्या मैदानावरून जशीच्या तशी येथे आलेली दिसते.

उपकरणाचे नावही विचार करण्याजोगे आहे. उच्चारात ते ‘स्पॉटर’ असे ऐकू येते. अमेरिकेतील बांधकामावर मागे येणाऱ्या ट्रकच्या चालकाला हाताच्या खुणांनी सावध करणाऱ्या माणसाला स्पॉटर म्हणतात. व्यायामशाळेत जड वजन उचलणाऱ्याच्या मागे हात तयार ठेवून उभा राहणाराही स्पॉटरच. दोघांचेही काम अनर्थापूर्वीचे आहे. क्लिपचे मुख्य काम मात्र अनर्थानंतर सुरू होते. नावाने जे आश्वासन दिले, ते उपकरणाच्या घडणीत नाही.

हे केवळ शब्दच्छल नव्हे. साध्या गणितानेही ते दाखविता येते. अमेरिकेतील बांधकामविषयक नियमांप्रमाणे सहा फूट वा त्याहून अधिक उंचीवरील कामासाठी पडण्यापासून संरक्षणाची योजना करणे मालकावर बंधनकारक आहे. सहा फुटांवरून सुटलेले शरीर सुमारे ०.६ सेकंदात जमिनीवर येते. अशा उपकरणांतील त्वरणमापकाचा आकडा मुक्तपतनात शून्याजवळ येतो आणि आघाताच्या क्षणी एकदम उसळतो. या दोन खुणा लागोपाठ आल्या, की पडण्याचे अनुमान काढता येते. हवेचा दाब दर मीटर उंचीस सुमारे १२ पास्कलने उतरतो, म्हणून दाबमापकाच्या साह्याने मजलाही ओळखता येतो. म्हणजे अनुमानासाठी लागणारी दुसरी खूण हा आघातच आहे. सूचना जाते तेव्हा मनुष्य खाली आलेला असतो.

तथापि पडल्यानंतरची मदत क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणू नये. मोठ्या इमारतीच्या तळघरात एकटाच काम करणारा मनुष्य पडला, तर सहकाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो. सुरक्षापट्ट्याने अधांतरी लोंबकळणाऱ्या कामगाराला तर वाचल्यानंतरही धोका असतो. म्हणूनच त्याच्या त्वरित सुटकेची तजवीज मालकाने करावी, असे तेथील नियम सांगतो. आग लागून इमारत रिकामी करावी लागली, तर आत कोण उरले आहे हे हजेरीपटावरून शोधण्यापेक्षा क्लिपवरून लवकर कळेल. हे तिन्ही लाभ खरे आहेत, आणि त्यांचे श्रेय या उपकरणास निःसंकोचपणे दिले पाहिजे.

परंतु या लाभांना ‘निवारण’ म्हणता येणार नाही. १९७० च्या कायद्यान्वये स्थापन झालेली अमेरिकेची राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्था धोक्यावरील उपायांची पाच पायऱ्यांची उतरंड मांडते. धोका मुळातच काढून टाकणे ही सर्वांत वरची पायरी. त्याखाली कमी धोक्याचा पर्याय. मग कठडे, जाळ्या यांसारख्या अभियांत्रिकी योजना. नंतर कामाच्या पद्धतीतील व देखरेखीतील बदल. आणि सर्वांत शेवटी व्यक्तीच्या अंगावरील संरक्षक साधने. क्लिप अंगावर असली तरी ती शिरस्त्राणासारखी आघात झेलत नाही. फार तर देखरेखीच्या पायरीवर तिला स्थान मिळेल. जिच्यामुळे पडणे टळते ती कठड्याची पायरी तिच्या वर आहे. अमेरिकेत २०२३ साली बांधकामक्षेत्रात १,०७५ कामगार मृत्युमुखी पडले आणि त्यांपैकी ४२१ मृत्यू पडणे, घसरणे वा अडखळणे यांमुळे झाले. हे ध्यानी घेता कोणत्या पायरीवर आधी खर्च व्हावा, हे वेगळे सांगावयास नको.

यावर उपकरणाच्या समर्थकांचे एक उत्तर संभवते, व ते वजनदार आहे. एक वार्ता निवारण करीत नसेल. पण अनेक वार्ता एकत्र केल्यास पुढील अपघात टाळता येतील. हे मान्य आहे. मात्र त्या वार्ता कशा लावून वाचावयाच्या, हा खरा प्रश्न आहे. समजा, एका महिन्यात एकाच जिन्यावर पाच जण घसरले. जागेप्रमाणे नोंदी लावल्या तर जिना दोषी ठरेल व तो दुरुस्त होईल. नावाप्रमाणे लावल्या तर पाच निष्काळजी कामगार हाती लागतील आणि जिना तसाच राहील. आकडे दोन्हीकडे तेच. निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध. क्लिप व्यक्तीच्या कमरेला असल्यामुळे दुसऱ्या वाचनाचा मोह अधिक, ही यातील मुख्य अडचण होय.

हा मोह काल्पनिक नाही. या नोंदींत इतरांनाही रस आहे. २०१६ साली एआयजी या विमा कंपनीने अशाच संवेदकांवर काम करणाऱ्या ह्यूमन कंडिशन सेफ्टी या कंपनीत भांडवल गुंतविले. अपघाताचा खर्च ज्याला सोसावा लागतो त्याने अपघात कमी करू पाहणे योग्यच आहे. परंतु जखमी कामगाराचा भरपाईचा दावा तपासताना तीच नोंद त्याच्याविरुद्धही उभी करता येते. उपकरणाचा उपयोग किती सहज पालटतो, हे २०२० च्या साथीत दिसून आले. त्या वर्षी ट्रायॅक्सने शिरस्त्राणावर लावावयाचे ‘प्रॉक्सिमिटी ट्रेस’ हे उपकरण आणले. दोन कामगार फार जवळ आले की ते आवाज करी, आणि कोण कोणाच्या संपर्कात आले याची नोंदही ठेवी. यातील पहिले कार्य विशेष लक्षणीय आहे. येथे सूचना प्रथम खुद्द कामगाराला मिळे, आणि तीही वेळेवर. खऱ्या स्पॉटरचे काम या उपकरणाने क्लिपपेक्षा अधिक केले, असे म्हणावे लागते.

यावरून परीक्षणाच्या तीन कसोट्या निघतात. सूचना प्रथम कोणाला मिळते? नोंद जागेच्या नावे ठेवली जाते की माणसाच्या? आणि ज्याच्या शरीरातून ती निघाली त्याला ती पाहण्याचा व तिच्यावर आक्षेप घेण्याचा अधिकार आहे काय? आपल्याकडील वाचकांच्या दृष्टीने दुसरी कसोटी अधिकच निकडीची आहे. येथील बांधकाम-मजूर बहुधा ठेकेदार व मुकादम यांच्या हाताखाली असतो आणि काम संपले की दुसरे काम शोधू लागतो. ‘हा वारंवार पडतो’ एवढी नोंद त्याच्या नावाला चिकटली, तर पुढच्या नाक्यावर त्याला न निवडण्यास तेवढे कारण पुरेल. आणि ज्या परांचीवरून तो पडला, तिच्या नावावर मात्र काहीच लागणार नाही.

उपकरण त्याज्य आहे, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. पडलेल्या माणसापर्यंत लवकर पोहोचविणारे साधन कोणत्याही बांधकामावर असावे. आक्षेप इतकाच, की त्याला निवारणाचे नाव देऊन कठड्याचा खर्च वाचवू नये. जेथे कठडा, जाळी आणि पक्की परांची आधी आहे, तेथे अशी क्लिप अवश्य द्यावी. जेथे ती नाहीत, तेथे क्लिपकडून पडण्याची वार्ता तेवढी मिळेल; पडणे टळणार नाही.