धर्मन्यायसभेच्या दप्तरांतील एक डोंगरी गांव

फ्रान्सच्या दक्षिण सीमेवर, पिरिनीज पर्वताच्या अंगावर, समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंचीवर मोंतायू नांवाचें एक लहानसें खेडें आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीं तेथें फार तर अडीचशें माणसें राहत असत. त्या गांवीं कोणी राजा जन्मास आला नाहीं, कीं इतिहासास वळण देणारी लढाई झाली नाहीं. असें असूनही त्या काळच्या भल्या भल्या नगरांतील सामान्य जनांविषयीं जें कळत नाहीं, तें या खेड्यांतील घराघराविषयीं आज आपणांस कळूं शकतें. एमान्युएल ल रुआ लादुरी या फ्रेंच इतिहासकारांचा ‘मोंतायू’ हा ग्रंथ १९७५ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून हें गांव विद्वानांच्याच नव्हे तर साध्या वाचकांच्याही परिचयाचें झालें. बार्बरा ब्रे यांचें संक्षिप्त इंग्रजी भाषांतर १९७८ मध्यें निघालें. आमची भिस्त मुख्यत्वें त्यावरच आहे. ग्रंथकर्ते २०२३ मध्यें निवर्तले. ग्रंथाची थोरवी आतां वादाची राहिली नाहीं. आम्हांस बोलावयाचें आहे तें त्याच्या पायाविषयीं.

हें गांव बोलकें झालें तें संकटामुळें. दृश्य जग हें दुष्ट शक्तीचें कार्य होय असें मानणारा कॅथर पंथ रोमच्या चर्चनें तेराव्या शतकांत निर्दयपणें मोडून काढला. १२४४ मध्यें मोंसेगूरचा किल्ला पडला. पुढें पंथाचे उरलेसुरले अनुयायी डोंगरांच्या आडोशानें तग धरून राहिले. मोंतायू हें त्यांच्या शेवटच्या आश्रयस्थानांपैकीं एक. १३०८ मध्यें कार्कासोनच्या इन्क्विझिशननें, म्हणजे धर्मन्यायसभेनें, गांवांतील प्रौढ माणसें सरसकट धरून नेलीं. त्यानंतर पामिएचा बिशप झाक फूर्निए यानें १३१८ पासून १३२५ पर्यंत आपल्या मुलुखांतील पाखंडाची स्वतंत्र चौकशी चालविली. न्यायसभा ३७० दिवस बसली व ५७८ जबान्या झाल्या. या बिशपाचें शस्त्र म्हणजे प्रश्न. शारीरिक यातनांचा अवलंब त्यानें क्वचितच केला. कोण कोणाच्या घरीं गेलें, चुलीपाशीं कोण बसलें होतें, त्या वेळीं कोण काय बोललें, हें तो खोदून खोदून विचारी. हाच गृहस्थ १३३४ मध्यें बारावा बेनेडिक्ट या नांवानें पोप झाला. त्याचें दप्तर व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत राहिलें, आणि झां द्युव्हेर्न्वा यांनीं १९६५ मध्यें तें मूळ लॅटिनमध्यें छापून काढलें. ल रुआ लादुरी यांचा ग्रंथ उभा आहे तो या छापील दप्तरावर.

ग्रंथाच्या पूर्वार्धांत घर आणि मेंढपाळ यांचा विचार आहे, उत्तरार्धांत आचार, विवाह, मृत्यु, श्रद्धा यांचा. आमच्या मतें पूर्वार्धच सरस. गांवकऱ्यांच्या ओक्सितान भाषेंत घराला ‘ओस्ताल’ म्हणत. त्या शब्दांत भिंती, चूल, शेत, माणसें आणि कुळाचें दैव हें सर्व सामावलेलें होतें. गांवच्या पाद्र्याचा बाप पोंस क्लेर्ग वारला तेव्हां घराचें दैव त्याच्याबरोबर निघून जाऊं नये म्हणून त्याचे केंस व नखें कापून घरांत ठेवण्यांत आलीं. उन्हांत बसून एकमेकींच्या डोक्यांतील उवा काढतां काढतां बायका परलोकाविषयीं वाद घालीत! आर्नो सिक्र याची कथा तर नाटककारास मोह पाडील अशी आहे. त्याची आई पाखंडी म्हणून जाळली गेली व तिचें घर जप्त झालें. तें घर परत मिळावें म्हणून मुलगा बिशपाचा हेर बनला, आणि आईच्याच पंथाचा या मुलुखांतील अखेरचा आचार्य गियोम बेलिबास्त यास त्यानें भुलवून पकडून दिलें. १३२१ मध्यें बेलिबास्त चितेवर गेला.

या सर्व पात्रांत आमचें मन गुंतलें तें पियेर मोरी या मेंढपाळाच्या ठायीं. उन्हाळ्यांत उंच कुरणें, हिंवाळ्यांत कातालोनियाचीं सखल राने, असा त्याचा आयुष्यक्रम. त्यास स्वतःचें घर नाहीं, बायको नाहीं. पण घाटाच्या दोन्ही बाजूंस मित्र आहेत. ब्रह्मचर्याचें व्रत मिरविणाऱ्या बेलिबास्तानें आपलें पाप झांकण्यासाठीं स्वतःच्या रखेलीशीं त्याचें लग्न लावून दिलें, आणि थोड्याच दिवसांत तें मोडूनही टाकलें. मोरीस हें कपट कळत नव्हतें असें दिसत नाहीं. तरी त्यानें आचार्यास अंतर दिलें नाहीं. ग्रंथकर्त्यांनीं येथें उपदेश न करितां केवळ माणूस दाखविला, हें त्यांच्या रसिकतेचें लक्षण होय.

आतां आमची तक्रार. गांवकरी बोलले ओक्सितान भाषेंत. लेखनिकांनीं तें ‘तो म्हणाला कीं’ अशा साच्यांत घालून लॅटिनमध्यें उतरविलें. ग्रंथकर्ते पुष्कळदां तीं वाक्यें पुन्हां प्रथमपुरुषीं करून वाचकापुढें ठेवतात, विषयवार लावतात, आणि तसें करतांना समोर बसलेला बिशप नाहींसा होतो. आपण जणूं गांवच्या पारावर बसून ऐकत आहों असा भास होतो. परंतु तो पार नव्हे, ती कचेरी आहे! बोलणाऱ्याच्या मानेवर तुरुंगाची टांगती तलवार आहे, निदान अंगरख्यावर शिवावयाच्या पिवळ्या क्रुसाची तरी आहेच. रेनातो रोझाल्दो यांनीं १९८६ मधील आपल्या निबंधांत असाच आक्षेप घेतला आहे. आम्हांस तो एका उदाहरणानें पारखून पाहावासा वाटतो.

आर्क गांवच्या सिबिल पियेर हिची तान्ही मुलगी मरणोन्मुख झाली. पंथाच्या आचार्यानें तिला अंतिम दीक्षा दिली व यापुढें दूध पाजूं नये असें बजावलें. पुरुष घराबाहेर जातांच आईनें मुलीस पदराखालीं घेतलें, नवरा संतापला. हें वाचून कोणाचा कंठ दाटून येणार नाहीं? अपत्यप्रेम ही अर्वाचीन काळची देणगी होय असें म्हणणाऱ्या पंडितांस ग्रंथकर्ते ज्या दाखल्यांनीं निरुत्तर करूं पाहतात, त्यांत हा अग्रगण्य आहे. पण ही हकीकत सिबिल सांगते कोणास? बिशपास. आपण पाखंडी आचार्याची आज्ञा मोडली, हें त्या न्यायसभेपुढें सांगण्यासारखें दुसरें सोयीचें उत्तर नव्हतें. आईची माया खोटी होती असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. किंबहुना ती खरीच असावी असें आम्हांस वाटतें. मात्र ‘वाटतें’ आणि ‘सिद्ध झालें’ यांतील अंतर इतिहासकारानें बुजवूं नये. ग्रंथकर्ते न्यायाधीशाच्या चिकाटीचें कौतुक करतात, तेवढी दक्षता साक्षीदाराच्या भीतीविषयीं दाखवीत नाहींत.

मराठी वाचकास ही अडचण परकी वाटूं नये. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांतील महजर पाहावे. पाटलाच्या नांवापुढें नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या नांवापुढें त्यांच्या त्यांच्या हत्याराची. सारें गांव तेथें बोलतांना दिसतें. पण तें बोलतें वतनापुरतें, आणि तेंही सरकारापुढें. आत्रे यांच्या ‘गांवगाड्या’स (१९१५) जी धग आहे ती महजरांत नाहीं, उलट महजरांत जीं नांवें आहेत तीं ‘गांवगाड्यां’त नाहींत. मोंतायूच्या दप्तरांत नांवें व धग हीं दोन्ही एकत्र आलीं, हें त्याचें अपूर्वत्व. मात्र त्याची किंमत कोणीं भरली तें डोळ्यांआड होऊं नये. पियेर मोरी यास १३२४ मध्यें कारावासाची शिक्षा झाली. त्याचें मनमोकळें बोलणें आज आपण आवडीनें वाचतों. त्याच्या शिक्षेचा आधार झालें तेंही तेंच बोलणें.

हा ग्रंथ मराठींत आणण्याचें कोणीं मनावर घेतल्यास त्यानें इंग्रजी संक्षेपावर न विसंबतां मूळ फ्रेंच ग्रंथ समोर ठेवावा. शेवटीं पुरवणी म्हणून मोरी व सिबिल यांच्या जबान्या अथपासून इतिपर्यंत, न्यायसभेच्या तारखांसह द्याव्या. द्युव्हेर्न्वा यांनीं केलेलें दप्तराचें फ्रेंच भाषांतर छापलेलें असल्यामुळें लॅटिन न जाणणाऱ्यासही हें काम असाध्य नाहीं.