मर्यादेवाचून मंत्र फोल

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रांच्या भूमिका घेऊन खेळावयाचा अद्भुतरम्य खेळ प्रसिद्ध केला. जॅक व्हान्स यांच्या कथांतील कल्पनेस अनुसरून त्याच्या मूळ नियमांत मांत्रिक मंत्र उच्चारताच तो विसरे. २०१४ च्या आवृत्तीत मृतास उठविणाऱ्या एका मंत्रापायी ५०० सुवर्णनाण्यांचा हिरा नष्ट होतो.

अशी बंधने कोणास जाचक वाटतील. आम्हांस तर त्यांतच खेळाचे काव्य दिसते. कर्णाची वासवी शक्ती एकदाच चालणारी होती. अर्जुनासाठी जपलेली ती शक्ती रात्रियुद्धात कौरवांच्या आक्रोशामुळे घटोत्कचावर वेचावी लागली. ती अक्षय असती, तर या प्रसंगी आमच्या मनास चटका लागता ना.

परंतु सर्वच मर्यादा सारख्या नव्हेत. हिऱ्याची अट केवळ किमतीची असेल, तर खेळाडू धनाढ्य होताच मृत्यू हा वाण्याच्या वहीतील एक खर्च ठरतो. म्हणून सूत्रधाराने हिरा महाग नव्हे, दुर्मिळ करावा. दोन सोबती पडले असता हाती एकच हिरा असावा. मरणाचे मोल तेव्हाच कळते.